तहानलेल्या भूमीत दोघांचा तळ

कलहारीच्या वाळवंटात स्वतः गाडी हाकत जाणाऱ्या दांपत्याला सर्वांत आधी हिशेब मांडावा लागतो तो पाण्याचा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दररोज पाच लिटर, भांडी व हात-तोंड धुण्यासाठी काटकसरीने आणखी तेवढेच. दोघांच्या सात दिवसांच्या मुक्कामाला हा आकडा १४० लिटरवर जातो, आणि गाडी वाळूत रुतून एक-दोन दिवस खोळंबा झाला तर लागणारी शिल्लक त्यात धरलेली नाही. हे सारे पाणी गाडीतूनच न्यावे लागते. बोत्स्वानातील मध्य कलहारी अभयारण्यात पर्यटकांना तळ ठोकण्यासाठी ज्या जागा आखून दिल्या आहेत, तेथे पिण्याच्या पाण्याची सोय नाही. अभयारण्यात दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, मोबाइलवर विसंबून राहण्याचीही सोय नाही.

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्याचा विस्तार सुमारे ५२ हजार ८०० चौरस किलोमीटर आहे. संपूर्ण केरळ राज्य त्यात मावेल आणि वर बरीच जागा उरेल. ‘कलहारी’ या नावाचा उगम सेत्स्वाना भाषेतील तहानेच्या शब्दात असल्याचे सांगितले जाते. तरीही भूगोलाच्या काटेकोर व्याख्येत या प्रदेशाचा बराचसा भाग वाळवंट ठरत नाही. मध्य कलहारीत वर्षाला सरासरी ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशातील पावसापेक्षा तो फार कमी नव्हे. फरक जमिनीचा आहे. पडलेला थेंब खोल वाळूत जिरून जातो, आणि बारमाही वाहणारी नदी किंवा टिकणारे तळे येथे नाही. हजारो वर्षांपूर्वी वाहणाऱ्या नद्यांची पात्रे मात्र गवताळ दऱ्यांच्या रूपाने शिल्लक आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध दरीचे नाव ‘डिसेप्शन व्हॅली’, म्हणजे फसवी दरी. तेथील उथळ, सपाट मातीचे मैदान उन्हात दुरून भरलेल्या तळ्यासारखे चकाकते.

वन्यप्राणी पाहण्याचा हंगाम सर्वसाधारणपणे कोरड्या ऋतूत असतो, कारण तेव्हा प्राणी पाणवठ्यावर एकवटतात. उत्तर कलहारीत नेमके उलट घडते. डिसेंबर ते एप्रिल या पावसाच्या काळात मृत नद्यांच्या पात्रांत लुसलुशीत गवत उगवते. स्प्रिंगबॉक व जेम्सबॉक या हरणांचे कळप तेथे उतरतात आणि त्यांच्या मागोमाग सिंह, चित्ते येतात. पण याच काळात सपाट मैदानांची चिकणमाती इतकी ओढाळ होते, की चारही चाकांना जोर देणारी गाडीसुद्धा त्यात बसते. पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी काढलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जून-जुलैत वाट कोरडी असते, मात्र रात्री पारा शून्याखाली उतरतो.

अशा सफरींसाठी टपावर घडीचा तंबू बसवलेल्या गाड्या जोहान्सबर्ग किंवा मौन या शहरांत भाड्याने मिळतात. भारतीय चालकाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट एवढीच, की दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना या दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवतात. पुढची विद्या नव्याने शिकावी लागते. डांबरी रस्ता संपला, की टायरमधील हवा ३५ पौंडांवरून २०-२२ पौंडांपर्यंत उतरवायची. टायर पसरट होऊन वाळूवर टेकतो आणि रुतत नाही. बाहेर पडताना हवा पुन्हा भरण्यासाठी लहान पंप सोबत लागतो. खोल वाळूत गाडी खालच्या गिअरमध्ये चालते आणि शंभर किलोमीटरला १५ ते २० लिटर इंधन सहज पिते.

वाळूहूनही धोकादायक असते ते गवत. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध वाढलेल्या गवताची कुसळे रेडिएटरच्या जाळीत अडकतात आणि इंजिन तापते. गवताचे तूस गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या तापलेल्या नळीभोवती साचते आणि एखाद्या दुपारी पेट घेते. त्यामुळे पुढच्या बाजूला बारीक जाळी बांधणे आणि वेळोवेळी थांबून, वाकून गाडीखालचे गवत काढणे हा येथील नित्यक्रम आहे. पण गाडीतून उतरायचे म्हणजे सिंहाच्या राज्यात पाय ठेवायचे. म्हणूनच येथे ‘दोघे’ या संख्येला अर्थ आहे. एकाने गाडीखाली हात घालायचा, दुसऱ्याने भोवतालच्या झुडपांवर नजर ठेवायची. चाक बदलताना, सरपण गोळा करताना, रात्री तंबूबाहेर जाण्याची वेळ आलीच तर तेव्हाही हीच विभागणी. अनुभवी प्रवासी शक्यतो दोन गाड्यांनी जाण्याचा सल्ला देतात, कारण रुतलेल्या गाडीला ओढायला दुसरी गाडी लागते. एकाच गाडीने जाणाऱ्या जोडप्याजवळ फावडे, उंच जॅक, दोन जादा चाके आणि शक्य तर उपग्रह दूरध्वनी असलाच पाहिजे.

मुक्कामाच्या जागेला कुंपण नसते. आडोसा केलेला खड्ड्याचा संडास, बादली टांगून अंघोळ करण्याची जागा (पाणी आपले) आणि चुलीचा खड्डा, एवढीच सोय. अंधार पडल्यावर गाडी चालवण्यास मनाई आहे. संध्याकाळी जमिनीतील बिळांच्या तोंडाशी बसून टकटक आवाज करणाऱ्या पालींचा गजर सुरू होतो, आणि तो ओसरल्यावर जी शांतता उतरते तिची शहरवासीयांना सवय नसते. सिंहाची डरकाळी अशा शांततेत काही किलोमीटरवरून ऐकू येते आणि ती अगदी जवळची भासते. बाहेर राहिलेले बूट कोल्हे अथवा तरस पळवून नेतात. दक्षिण आफ्रिका व बोत्स्वाना यांनी २००० साली सीमेवरची दोन उद्याने जोडून तयार केलेल्या क्गालागादी उद्यानात, माबुआसेहुबे येथे, नळाखाली ठिबकणारे पाणी चाटण्यासाठी सिंह थेट तळावर येतात. पाणी उघड्यावर न ठेवणे हा त्यामुळे स्वच्छतेपेक्षा जिवाचा नियम ठरतो.

सिंह पाण्यावाचून राहू शकत नाही असे मात्र नाही. कलहारीतील सिंह महिनोन्‌महिने पाण्याचा थेंब न पिता, भक्ष्याच्या शरीरातील द्रवावर जगतात. जेम्सबॉकची युक्ती आणखी सूक्ष्म आहे. मेंदूकडे जाणारे गरम रक्त बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून जाते आणि नाकाकडून परतणारे थंड रक्त त्याची उष्णता काढून घेते. हा प्राणी पाण्यासाठी कंदमुळे उकरतो आणि ‘त्सामा’ नावाची, कलिंगडाच्या भाऊबंदांतली फळे खातो. या फळात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. हरणे, तरस आणि माणसे असे सगळेच त्याचे गिऱ्हाईक आहेत. पखुर्डीचा नर पहाटे लांबच्या पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि ते ओले पोट घेऊन कित्येक किलोमीटर उडत पिलांकडे परततो. पिले त्याची पिसे चोखून तहान भागवतात. टपावर कॅन बांधून आलेल्या पाहुण्यांना हा संसार ओळखीचा वाटावा.

या दरीत दांपत्याने तळ ठोकण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मार्क आणि डेलिया ओवेन्स यांचे आहे. हे अमेरिकी पती-पत्नी १९७४ मध्ये घरातील चीजवस्तू विकून आफ्रिकेत आले आणि एका जुन्या लँड रोव्हरमधून डिसेप्शन व्हॅलीत पोहोचले. सुमारे सात वर्षे ते तेथे झाडाखाली तंबूत राहिले. बाहेरून पिंपे भरून पाणी आणायचे आणि ते पुरवून वापरायचे, हा त्यांचा शिरस्ता. तपकिरी तरस हा एकांडा प्राणी समजला जाई. रात्रभर त्यांच्या मागावर राहून या दोघांनी दाखवून दिले, की हे तरस कुळाने राहतात, पिले एकाच सामाईक गुहेत वाढतात आणि आई मेली तर नात्यातील माद्या पोरक्या पिलांना सांभाळतात. पाय मोडलेल्या एका सिंहावर त्यांनी उपचार केले, तो बरा झाला आणि पुढे परवानाधारक शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्राय ऑफ द कलहारी’ या त्यांच्या पुस्तकाने कलहारी जगाच्या नकाशावर आणली. नंतरच्या काळात झांबियातील त्यांचे काम वादग्रस्त ठरले, हेही नमूद केले पाहिजे. कलहारीतील निरीक्षणांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

ओवेन्स दांपत्याने जगापुढे मांडलेला दुसरा विषय कुंपणाचा होता आणि आजच्या पर्यटकाला त्याची पहिली ओळख शीतपेटीमुळे होते. मौनहून दक्षिणेकडे येताना कुके येथील नाक्यावर गाडीतील कच्चे मांस काढून घेतले जाते, टायर जंतुनाशकाच्या पाण्यातून न्यावे लागतात, चपला-बूट ओल्या चटईवर पुसावे लागतात. लाळ्या-खुरकत हा गुरांचा रोग रानरेड्यांच्या टापूतून गुरांच्या टापूत येऊ नये, यासाठी ही व्यवस्था आहे. युरोपला होणाऱ्या गोमांसाच्या निर्यातीवर बोत्स्वानातील पशुपालकांची मोठी मदार राहिली आहे. १९५८ मध्ये उभारलेले कुके कुंपण पुढे अभयारण्याची उत्तर सीमा ठरले, आणि दुष्काळात उत्तरेच्या पाण्याकडे धावणाऱ्या विल्डबीस्टच्या कळपांची वाट त्याने अडवली. तारेच्या कडेने चालत जे कळप झाऊ सरोवरापर्यंत पोहोचत, त्यांना तेथे माणसांची आणि गुरांची वस्ती आडवी येई. १९६० आणि १९८० च्या दशकांतील दुष्काळांत हे प्राणी हजारोंच्या संख्येने तहानेने मेले. कलहारीतील विल्डबीस्टची संख्या त्यानंतर पूर्वपदावर आलेली नाही. पशुपालकाची अडचण खरी होती, पण तिची किंमत ज्याने मोजली त्याला विचारण्याची सोय नव्हती.

माणसांना विचारण्याची सोय होती, तरीही त्यांच्या वाट्याला फारसे वेगळे आले नाही. हे अभयारण्य स्थापन करताना वन्यप्राण्यांबरोबर तेथे शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या सान लोकांचे, म्हणजे ज्यांना बोत्स्वानात बसार्वा म्हणतात त्यांचे, जीवन अबाधित राखण्याचाही उद्देश होता. कोरड्या जमिनीत पाणी शोधण्याचे शास्त्र या लोकांइतके कोणालाच अवगत नाही. ओलसर वाळूत पोकळ वेताची नळी खुपसून ते तोंडाने पाणी ओढून घेत, शहामृगाच्या अंड्याच्या टरफलात भरत आणि ती अंडी पुढच्या टंचाईसाठी पुरून ठेवत. पुढे सरकारने खोदलेल्या कूपनलिकांभोवती वस्त्या स्थिरावल्या.

१९९७ आणि २००२ मध्ये सरकारने या रहिवाशांना अभयारण्याबाहेरील वसाहतींत हलवले. सुविधा पुरवणे परवडत नाही आणि वन्यजीव रक्षणाला बाधा येते, ही सरकारची भूमिका होती. हिऱ्यांसाठी हे चालल्याचा आरोप सरकारने सातत्याने फेटाळला. २००२ मध्ये मोथोमेलो येथील कूपनलिका बंद करण्यात आली. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला, की रहिवाशांना त्यांच्या संमतीविना बाहेर काढणे बेकायदा होते. त्याच निकालात, पाण्यासारख्या सुविधा पुन्हा सुरू करण्याचे बंधन सरकारवर नाही, असेही म्हटले होते. राहण्याचा हक्क मिळाला, पाणी मिळाले नाही. २००९ मध्ये अभयारण्यात सुरू झालेल्या एका पर्यटक निवासात पोहण्याचा तलाव होता. मोथोमेलोची नळी त्या वेळी बंदच होती. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने कूपनलिका वापरू देण्याची मागणी फेटाळली. अखेर जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. रहिवाशांना स्वखर्चाने कूपनलिका वापरण्याचा व नव्या खोदण्याचा अधिकार असून पाणी नाकारणे ही अपमानास्पद वागणूक आहे, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी मोथोमेलोला पाणी आले.

२००६ च्या निकालाचा लाभ मात्र सरकारने त्या खटल्यातील अर्जदारांपुरताच मानला. त्यांच्या इतर नातलगांना स्वतःच्या जन्मगावी जाण्यासाठी महिन्याच्या मुदतीचा परवाना घ्यावा लागू लागला. या खटल्यात सान लोकांची बाजू मांडणाऱ्या वकिलांपैकी एक, ड्यूमा बोको, नोव्हेंबर २०२४ मध्ये बोत्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष झाले.