किनाऱ्यावर तंबू? आधी तिथी पाहा!

सुट्टी लागली, की सदाशिव पेठेतून ताम्हिणी घाट, माणगावमार्गे दिवेआगर-श्रीवर्धनकडे गाड्या निघतात. हल्ली अनेकांना लॉजऐवजी किनाऱ्यावरचा तंबू हवा असतो. मुले, आजी-आजोबा सोबत असतील तर जागा कशी निवडावी?

भरती कधी? : कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ३, अष्टमीला ६ च्या सुमारास पूर्ण भरती. दिवसा आणि रात्रीही. पौर्णिमेला हीच वेळ ११ ते १२. म्हणजे चांदण्यासाठी निवडलेल्या रात्रीच, सगळे झोपेत असताना उधाण येते.

तंबू कुठे? : वाहून आलेल्या काटक्या-कचऱ्याच्या रेषेच्या बराच वर, सुरूच्या बनाकडे. नारळाखाली आणि खाडीच्या मुखाजवळ नको.

बुकिंगआधी विचारा : रात्री राखणदार असतो का? स्वच्छतागृह किती पावलांवर? तिथपर्यंत दिवा आहे का? जवळचा दवाखाना कोणता?

पाण्यात कधी? : फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला सहलीला गेलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ओहोटीचे पाणी आत ओढते. त्यामुळे पोहायच्या जागेबाबत स्थानिक कोळ्यांचा शब्द अखेरचा माना आणि ओहोटी लागताच मुलांना बाहेर काढा.