कोयता जोरानं नाही, धारेनं चालतो

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पाथर्डी-शेवगावकडची जोडपी उसाच्या फडात उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. मजुरी टनावर. त्यामुळे फडात नवा आलेला पोरगा सगळा जोर लावून घाव घालतो आणि दुपारपर्यंत त्याचं मनगट भरून येतं. शेजारच्या सरीतला पन्नाशीचा गडी मात्र सावकाश वाटावं अशा लयीत पुढं निघून गेलेला असतो.

फरक ताकदीचा नाही. कापताना सगळा जोर धारेच्या बारीक रेषेवर एकवटतो. धार बोथट झाली की तोच जोर जास्त जागेत पसरतो आणि ऊस कापला जाण्याऐवजी चेचला जातो. दुसरी गोष्ट दिशेची. कोयता ज्या रेषेत फिरतो, पातंही त्याच रेषेत हवं. ते जरा तिरपं झालं तरी उसात शिरताना पीळ खातं आणि तो पीळ मुठीतून थेट मनगटात, कोपरात उतरतो. जपानी तलवारबाजीत या नेमकेपणाला ‘हासुजी’ म्हणतात. शिकणारे पाण्यात भिजवलेल्या चटईची गुंडाळी कापून तो तपासतात. काप सपाट आला तर हात बरोबर, खोलगट आला तर पातं वाटेत फिरलं.

फडात ही परीक्षा बुडखा घेतो. तो गुळगुळीत असेल तर घाव नीट बसला. चिरफाळलेल्या बुडख्यातून रोग शिरायला वाव मिळतो, म्हणजे शेतकऱ्याच्या खोडव्यालाही झळ.

पकड करंगळी आणि अनामिकेनं धरावी. अंगठा आणि तर्जनी सैल, मूठ आवळायची ती घाव बसतानाच. सतत आवळलेली मूठ हात लवकर थकवते. पातं लागताच किंचित ओढून घेतलं तर कमी जोरात काम होतं. विळीवर भाजी चिरणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

वाकणं मात्र टळत नाही. बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त, म्हणून तोड जमिनीलगतच हवी. अशा वेळी पाय फाकवून गुडघे मोडावेत, सगळा भार कमरेवर टाकू नये. ऊस धरलेल्या हाताकडचा पाय घावाच्या वाटेत नको.

टनावर पैसे घेणाऱ्याला कानस मारायची दहा मिनिटं तोट्याची वाटतात. खरा तोटा बोथट कोयत्याचा. अर्थात, उचल फेडायची असताना विसावा घ्या म्हणणं सोपं आहे, आणि दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईची मान कोयत्याच्या तंत्रानं सुटत नाही.

कोयता लागलाच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून रक्त थांबवावं. हळद, माती, तंबाखू भरू नये. जखम पाण्यानं धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, सकाळी मूठ वळत नसेल, तर नुसता बाम चोळत हंगाम काढू नये. मनगटातली नस दबली असण्याची शक्यता असते आणि ती डॉक्टरांनाच दाखवावी लागते.