उपमा आणि रूपक : भेदाची कसोटी

'सारखे', 'जसे', 'परी' असा साम्यवाचक शब्द असेल तर उपमा, नसेल तर रूपक, एवढ्यावर वर्गात बहुधा भागविले जाते. ही खूण अपुरी आहे. 'मुखकमल' या समासात साम्यवाचक शब्द नाही. तरीही 'मुखकमल हसले' येथे उपमाच मानावी लागते, कारण हसणे हा मुखाचा धर्म होय. 'मुखकमल उमलले' म्हणताच मुखावर कमळाचा आरोप होऊन रूपक सिद्ध होते. निर्णय क्रियापदाचा असतो.

पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या सोनोपंत दांडेकरांनी संपादिलेल्या ज्ञानेश्वरीचा (शके १२१२) आरंभच पाहावा. तेथे गणेश म्हणजे साक्षात वाङ्मय : वेद ही मूर्ती, षड्दर्शने भुजा, तर्क परशू, वेदान्त मोदक. 'तर्क परशूसारखा' म्हटले असते तर साम्य धारेपुरतेच राहिले असते. अभेद स्वीकारला की एका आरोपातून दुसरा निघतो; परशूला हात हवा, तो दर्शनाचा होतो. हेच सांगरूपक. गणेशाचा दात तर मुळातच मोडका. परंतु रूपकात शिरल्यावर त्यालाही अर्थ देणे भाग पडले, आणि तो खंडित झालेले बौद्धमत ठरला.