एका डिस्कच्या दोन वाटण्या

वाटणी म्हटली की आमच्या कोन गावात सातबारा आठवतो, वडिलोपार्जित घराच्या मधोमध उभी राहिलेली भिंत आठवते आणि अबोला धरलेले चुलते आठवतात. गेल्या सुट्टीत मी जी वाटणी केली ती मात्र घरातल्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कची. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत पडावेच कशाला, असे प्राध्यापक मंडळी विचारतील. कारण होते आत्याचे धवले.

आगरी लग्नात धवलारीण जी विधीची गाणी गाते ते धवले. आत्याने ते म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून उतरवून घेतले आणि याच संगणकावर टंकित केले, तेही जुन्या फाँटमध्ये. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. फाँट नसला की कागदावर नुसता इंग्रजी गोंधळ दिसतो. आत्याचा टंकनाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो. इकडे विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला आमचा संगणक चालत नाही. नवा घेण्याची ऐपत नाही. तेव्हा ठरवले की धवल्यांसाठी विंडोज ठेवायचे, पण इंटरनेटला न जोडता. आणि बाकीच्या कामासाठी त्याच डिस्कवर लिनक्स बसवायचे.

डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या असंख्य बारीक कप्प्यांची रांग. जुन्या पद्धतीत त्यातला पहिला, ५१२ बाइटचा कप्पा हा तलाठ्याच्या दप्तरासारखा असतो. त्यातल्या अवघ्या ६४ बाइटांत चार नोंदी मावतात. कोणता हिस्सा कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, एवढेच तिथे लिहिलेले असते. ही पद्धत १९८३ सालची, आयबीएमच्या संगणकात दहा मेगाबाइटची डिस्क आली तेव्हाची. जमिनीला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, तसा इथे चार मुख्य हिश्शांचा नियम! नव्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे १२८ नोंदी मावतात आणि दप्तराची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतात. आमचा संगणक जुना. त्याचे दप्तर एकच.

विंडोजमधूनच 'सी' हिस्सा आकसून घेतला आणि शंभर जीबी मोकळे केले. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून विभागणीचा प्रोग्रॅम उघडला. इथे 'सी', 'डी' ही ओळखीची नावे नव्हती. 'एसडीए २', 'एसडीए ३' अशी सरकारी नावे होती. 'डी' हिस्साही नेमका शंभर जीबीच्या आसपास. मोकळी जागा हीच, अशा समजुतीने मी तो पुसला आणि वर 'लागू करा' दाबले. धवले 'डी' मध्येच होते, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

त्या रात्री मी जेवलो नाही. आत्याला काही सांगितले नाही.

विज्ञान शाखेतला एक मित्र सकाळी आला आणि त्याने पहिली आज्ञा केली, 'आता काहीही लिहू नकोस.' मग म्हणाला, 'सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत उचलून कोण नेतं का?' मी दप्तरातली एक ओळ खोडली होती, एवढेच. धवल्यांचे बाइट आपल्या जागी जसेच्या तसे होते. त्यावर नवीन काही लिहिले असते, तर मात्र ते कायमचे गेले असते. टेस्टडिस्क नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम डिस्कभर फिरून हिश्शांच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत त्या खुणेची एक प्रत हिश्शाच्या शेवटीही असते. त्याला 'डी' सापडला, त्याने खोडलेली ओळ पुन्हा लिहिली, आणि धवल्यांची फाइल उघडली. आधी दोन पेनड्राइव्हवर प्रती केल्या (हे खरे तर अगदी आरंभी करायचे काम), मग लिनक्स बसवले. विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' बंद केले. ते चालू असता विंडोज पुरते मिटत नाही, आणि तशा अर्धवट झोपलेल्या हिश्शात लिनक्सने लिहिणे धोक्याचे असते.

आता संगणक सुरू केला की ग्रब नावाचा द्वारपाल विचारतो, लिनक्स की विंडोज? आत्याने विंडोज उघडून एक धवला मनातल्या मनात म्हणून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाली, 'घड्याळ का रे मागं पडलंय?' ते साडेपाच तास मागे होते. संगणकातल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवते, आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. इंटरनेट नाही, म्हणून चूक आपोआप सुधारतही नाही. स्थानिक वेळ ठेवण्याची सूचना लिनक्सला देता येते. ती मी परवा दिली.