आवड ज्याची त्याची, इशारा सगळ्यांचा

महाडमधल्या एकाच घरात आजोबांच्या मोबाइलवर कीर्तनं येतात, नातवाच्या मोबाइलवर क्रिकेट. कोणता व्हिडिओ किती वेळ पाहिला, कोणता मध्येच सोडला, याची नोंद ठेवून अ‍ॅप पुढची निवड करतं. उद्या बातम्याही अशाच माणसागणिक बदलतील.

पण २२ जुलै २०२१ रोजी महाडमधला सावित्री नदीचा पूर आणि तळिये गावावरची दरड कुणाची आवडनिवड विचारून आली नव्हती. अशा वेळी ‘सेल ब्रॉडकास्ट’ उपयोगी पडतं. टॉवरच्या टप्प्यातल्या, ही सोय असलेल्या सगळ्या फोनवर एकदमच इशारा वाजतो. त्यासाठी नंबर लागत नाही, इंटरनेटही नाही. देशात २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. शेजारच्या पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या वाडीला आवडीआधी ठिकाण ओळखणारं तंत्रज्ञान हवं. आणि त्याहीआधी रेंज.