आणेवारी

माझे वडील, अण्णा, माण तालुक्यात तलाठी होते, आणि भाद्रपद सरता सरता, बाजरी कणसात भरत असताना, सर्कल इन्स्पेक्टर, पाटील व गावातली चार जाणती माणसे यांच्यासह बांधाबांधाने हिंडून उभ्या पिकाची आणेवारी ठरवण्याचे जे काम त्यांच्याकडे असे, त्याचे मला लहानपणी विलक्षण अप्रूप वाटे. पीक अजून रानात उभे आहे, त्यातला एकही दाणा खळ्यावर आलेला नाही, अशा वेळी नुसत्या नजरेने हे दहा आण्यांचे की बारा आण्यांचे ते सांगायचे, तो आकडा शाईने लिहायचा, आणि पुढे मोजक्या शेतांत चौकट आखून कापणी, मळणी व वजन झाले की नजरेची व तराजूची गाठ घालून सुधारित आकडा त्याच ओळीत मांडायचा, अशी ती रीत होती. सरकारी कागदांवर पुढे ‘पैसेवारी’ हा शब्द आला, पण गावच्या तोंडी आणेवारीच राहिली. आकडा चुकला तर खरवडून काढायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची, हा अण्णांचा दंडक होता. साऱ्याची सूट किंवा तहकुबी त्या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे लोभाने अगर दयेने तो वरखाली करण्याचा मोह कोणालाही व्हावा, आणि म्हणूनच जे दिसते ते आणि जे व्हावेसे वाटते ते यांची गल्लत होऊ न देणे हीच या कामातली सगळी विद्या आहे, असे ते म्हणत.

ही विद्या मी चित्रपटांच्या बाबतीत वापरू लागलो त्याला निमित्त झाला आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’. २००१ च्या हिवाळ्यात भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो ऑस्करच्या स्पर्धेत होता, आणि शेतसाऱ्यावरचा चित्रपट म्हणून निवृत्त झालेल्या अण्णांना त्यात विशेष गोडी होती. एके दिवशी वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्यांनी विचारले, “याची आणेवारी किती रे?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी अप्पा बळवंत चौकातून लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट खतावणी आणली आणि तिच्यात रकाने आखले: चित्रपट, दिग्दर्शक, प्रथम दर्शन कोठे, समीक्षकांचा कौल, संघांचा कौल, नामांकने, नजर आणेवारी, सुधारित, अंतिम, शेरा. त्या साली ‘लगान’च्या ओळीत मी दहा आणे मांडले, बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’च्या ओळीत आठ, पण कान महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळवलेल्या त्या चित्रपटाला जानेवारीत गोल्डन ग्लोबही मिळाला, तेव्हा दोन्ही आकड्यांवर रेघ ओढावी लागली, आणि २००२ च्या मार्चमध्ये पुतळा त्याच्याच हाती गेला. तेव्हापासून दर साली एक नवी खतावणी, असा क्रम चालू आहे.

ऑस्करच्या या हंगामाचे वेळापत्रक आपल्या खरिपाशी इतके जुळते की मला त्याचा नेहमी अचंबा वाटतो. व्हेनिस, कोलोरॅडोतील डोंगरात वसलेले टेल्युराइड आणि टोरोंटो या तिन्ही ठिकाणचे महोत्सव ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्यापर्यंत, म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या आगेमागे होतात, आणि वर्षाचे बहुतेक उमेदवार तेथे प्रथम नजरेस पडतात; ती नजर आणेवारीची वेळ. डिसेंबरात न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथील समीक्षक आपापले कौल देतात, जानेवारी-फेब्रुवारीत निर्मात्यांचे, दिग्दर्शकांचे व अभिनेत्यांचे संघ आपली पारितोषिके जाहीर करतात, आणि फाल्गुनाच्या सुमारास लखोटा फुटतो. हा लखोटाही आरंभापासूनचा नव्हे. पूर्वी निकाल वर्तमानपत्रांना आगाऊ देण्याची वहिवाट होती; १९४० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने समारंभापूर्वीच नावे छापल्यामुळे १९४१ पासून मोहोरबंद पाकिटे आली. अंदाज बांधण्याच्या आजच्या साऱ्या व्यवसायाचे मूळ त्या एका पाकिटात आहे.

साक्षीदार पुष्कळ असतात, पण सर्वांची जबानी सारख्या वजनाची नसते, हे कळायला मला तीन हंगाम लागले. समीक्षकाचा कौल विद्वत्तापूर्ण असेल, त्याच्या अभिरुचीपुढे मी नम्रही होईन, पण तो ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा मतदार नाही. गोल्डन ग्लोब तर त्या काळी शंभराच्याही आत असलेल्या परदेशी वार्ताहरांच्या मतांवर ठरत असे. याउलट दिग्दर्शकांच्या किंवा अभिनेत्यांच्या संघात मत देणाऱ्यांपैकी काही माणसे अकादमीतही मत देतात, आणि म्हणून संघाचे पारितोषिक हा ऐकीव पुरावा नसून त्याच रानात चौकट आखून केलेली कापणी असते. १९४८ पासूनच्या साऱ्या काळात दिग्दर्शक-संघाचा कौल आणि त्याच पारितोषिकाबाबत अकादमीचा कौल यांची फारकत झाल्याचे प्रसंग दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतात. कोपोला यांना संघाने ‘द गॉडफादर’साठी गौरवले आणि पुतळा मात्र ‘कॅबरे’च्या बॉब फॉसी यांना मिळाला, हे त्यांतले एक ठळक उदाहरण.

मतदानाची घडणही ध्यानात ठेवावी लागते. बहुतेक नामांकने ज्या त्या शाखेचे लोक करतात, वेशभूषाकारांची वेशभूषाकार आणि संकलकांची संकलक. अंतिम मत मात्र अकादमीचा प्रत्येक मतदार देतो. त्यामुळे १९८३ साली कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे जॉन मोलो यांच्याबरोबर नामांकन झाले ते समव्यावसायिकांच्या पारखी नजरेने, आणि ‘गांधी’च्या वेशभूषेचा पुतळा त्यांना मिळाला तो सर्व शाखांच्या मतांनी, त्या रात्री या एका चित्रपटाने आठ पुतळे नेले. पहिल्या टप्प्यात कसब तोलले जाते, दुसऱ्यात त्या कसबाबरोबर चित्रपटावरचे प्रेमही तोलले जाते. हे दोन तराजू निराळे आहेत हे विसरणारा अंदाजकार हमखास फसतो.

मी फसलो तो हंगाम २००५-०६ चा. ती खतावणी या क्षणी माझ्यासमोर उघडी आहे. अँग ली यांच्या ‘ब्रोकबॅक माउंटन’च्या ओळीत पहिला रकाना व्हेनिसच्या सुवर्णसिंहाने भरला आहे, त्यापुढे समीक्षकांचे कौल, १६ जानेवारीला गोल्डन ग्लोब, मग निर्मात्यांचा संघ, मग २८ जानेवारीला दिग्दर्शकांचा संघ, अशी ओळ इतकी दाट होत गेली की अक्षर बारीक करावे लागले. पॉल हॅगिस यांच्या ‘क्रॅश’ची ओळ त्यामानाने विरळ. तो टोरोंटोत दिसला होता आदल्या सालच्या सप्टेंबरात, अमेरिकेत प्रदर्शित झाला मे महिन्यात, आणि ग्लोबच्या उत्कृष्ट नाट्यपटांच्या यादीत तर त्याचे नावही नव्हते. पण २९ जानेवारीला अभिनेत्यांच्या संघाने नटसंचासाठीचे पारितोषिक त्याला दिले. त्याच्या वितरकांनी संघाच्या लाखाहून अधिक सभासदांना चित्रपटाच्या तबकड्या घरपोच पाठवल्या होत्या, आणि अभिनेत्यांची शाखा ही अकादमीतली सर्वांत मोठी शाखा.

दोनच दिवसांनी नामांकने जाहीर झाली: ‘ब्रोकबॅक’ला आठ, ‘क्रॅश’ला सहा. आठ नावे मी एकेक करून उतरवली, आणि शेऱ्याच्या रकान्यात एक नोंद केली, जी आजही तेथे आहे: “संकलन: नाही.” १९८० च्या ‘ऑर्डिनरी पीपल’नंतर पंचवीस वर्षांत संकलनाच्या नामांकनावाचून एकाही चित्रपटाला सर्वोत्कृष्टतेचा मान मिळालेला नव्हता, ‘क्रॅश’ला ते नामांकन होते. हे मला ठाऊक होते. माझ्याच अक्षरात ते समोर लिहिलेले होते. तरीही ‘ब्रोकबॅक’च्या अंतिम रकान्यात मी पंधरा आणे मांडले, कारण तो चित्रपट जिंकावा असे मला मनापासून वाटत होते, आणि त्या वाटण्याला मी पुराव्याच्या जागी बसवले. ६ मार्चच्या सकाळी दहाच्या सुमारास, अँग ली यांना दिग्दर्शनाचा पुतळा मिळाल्यानंतर, जॅक निकल्सन यांनी शेवटचा लखोटा फोडून ‘क्रॅश’चे नाव उच्चारले, तेव्हा त्यांनाही आपले आश्चर्य लपवता आले नाही. मी रेघ ओढली. संकलनाचा पुतळा त्याच सकाळी ‘क्रॅश’ला गेला होता.

२००९ च्या चित्रपटांपासून मोजणीची रीत बदलली, आणि तिच्याबरोबर आमचे कामही बदलले. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाचाऐवजी दहा नावे आली (मधली काही वर्षे ती संख्या कमीजास्त होत असे), आणि आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात देतात तसे पसंतीक्रमाचे मत सुरू झाले. निम्म्याहून अधिक पहिली पसंती कोणालाच नसेल, तर तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिका ज्यांच्या त्यांच्या पुढल्या पसंतीकडे वळवायच्या, आणि कोणीतरी निम्म्याची रेघ ओलांडीपर्यंत हेच करत राहायचे. अशा मोजणीत थोड्यांचा अत्यंत लाडका आणि पुष्कळांचा नावडता असलेला चित्रपट मागे पडतो, आणि ज्याला बहुतेकांनी दुसरा-तिसरा क्रमांक दिला आहे तो हळूहळू वर येतो. त्यामुळे माझ्या खतावणीत तेव्हापासून एक रकाना वाढला आहे, “कोणास नकोसा”, आणि हंगामात सर्वांत अधिक विचार मी त्या रकान्यापाशी करतो. मतदार आज दहा हजारांवर गेले आहेत, त्यांत अमेरिकेबाहेरचे पुष्कळ. २०२० साली कोरियन भाषेतल्या ‘पॅरासाइट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला, तेव्हा जुन्या दाखल्यांवर विसंबणाऱ्या कितीएक वह्या निरुपयोगी झाल्या.

या साऱ्या दप्तरात एक पान मात्र मी नियम मोडून लिहिलेले आहे. ते ‘श्वास’चे. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीत आणणारा संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली भारताची प्रवेशिका म्हणून गेला, आणि अमेरिकेत त्याचे खेळ करण्यासाठी, जाहिरातींसाठी लागणारा पैसा उभा करायला महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली. आम्ही दोघांनी तो एकत्र पाहिला होता. शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार म्हणून त्याला आदल्या दिवशी दवाखान्याबाहेर नेऊन जग दाखवणारा तो आजोबा पाहताना अण्णा एक शब्द बोलले नाहीत, घरी परततानाही नाहीत. रात्री मी नजर आणेवारीच्या रकान्यात बारा आणे लिहिले. बाकी ओळ कोरी होती. त्याच पानावर स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ची ओळ व्हेनिसच्या पारितोषिकांनी भरू लागली होती. काही दिवसांनी अण्णांनी ते पान पाहिले आणि एवढेच विचारले, “कापणी कुठल्या रानात घेतलीस?”

२५ जानेवारी २००५ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये पहाट आणि आमच्याकडे संध्याकाळचे सात, परभाषिक चित्रपटांची पाच नावे जाहीर झाली: स्पेन, फ्रान्स, जर्मनी, स्वीडन, दक्षिण आफ्रिका. मी बारावर एक आडवी रेघ ओढली, शेजारी शून्य लिहिले आणि सही केली. अण्णांनी चष्मा लावून वही दिव्याखाली धरली, रेघेखालचा बारा वाचता येतो याची खात्री करून घेतली, आणि ती मिटून फडताळात ठेवली.