अंगठा, दात आणि उच्चार

महाभारताच्या वनपर्वात मांधाता राजाच्या जन्माची कथा आहे. पित्याच्या कुशीतून जन्मलेल्या त्या बालकाने दूध कोणाचे प्यावे, असा प्रश्न पडला, तेव्हा इंद्राने आपली तर्जनी त्याच्या मुखात दिली. ‘हा मला पिईल’ अशा अर्थाच्या इंद्राच्या उद्गारावरून त्याचे नाव पडले. बोट चोखण्यात बालकाला केवढे समाधान लाभते, हे आपल्या पूर्वजांनी किती जवळून पाहिले होते! गर्भसुद्धा आईच्या उदरात अंगठा चोखतो. तेव्हा तान्ह्या मुलाची ही सवय म्हणजे दोष नव्हे.

माझे लक्ष या विषयाकडे गेले ते मात्र उच्चारांमुळे. आमच्या बेळगाव-निपाणी भागात कन्नड आणि मराठी घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. माझ्या घरची भाषा तर कोंकणी. ‘चमचा’ या शब्दातील दंततालव्य ‘च’ प्रमाण कन्नडात नाही. त्यामुळे एखाद्या मुलाचा उच्चार बिघडला, की ‘घरची भाषा’ म्हणून आम्ही शिक्षक मोकळे होतो. स्नेहसंमेलनाच्या पाठांतराच्या वेळी प्राथमिक विभागातील सहा वर्षांच्या एका मुलीविषयी मीही तेच म्हणाले. परंतु तिचा ‘स’देखील ‘थ’सारखा निघे, आणि ‘स’ तर कन्नडात आहेच! नीट पाहिले, तो दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राही आणि तीतून जीभ डोकावे. ती फट अंगठ्याची होती.

दुधाचे दात वीस. ते सहाव्या महिन्याच्या सुमारास येऊ लागतात व अडीच-तीन वर्षांत पूर्ण होतात. हाड कठीण खरे, पण दीर्घकाळचा मंद दाब त्यालाही वळवतो. वाकडे दात तारेने सरळ करणारे दंतवैद्य याच गुणाचा उपयोग करतात. अंगठा वरचे दात पुढे ढकलतो, खालचे आत लोटतो. जीभ खाली दबून टाळूचा आधार सुटतो, गाल बाहेरून दाबत राहतात आणि वरचा जबडा अरुंद होतो. यात जोरापेक्षा वेळेला महत्त्व अधिक. झोप लागेपर्यंत पाच मिनिटे चोखणाऱ्या मुलापेक्षा रात्रभर अंगठा तोंडात ठेवणाऱ्याचे दात अधिक बिघडतात.

बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपण होऊन सोडतात. पुढचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येऊ लागतात. तत्पूर्वी सवय सुटली, तर ओठ आणि जीभ यांच्या स्वाभाविक दाबाने फट बहुधा भरून येते. तसे न झाल्यास दंतवैद्याला दाखवावे. बेळगावात के. एल. ई. संस्थेचे दंतमहाविद्यालय १९८५ पासून आहे.

घरगुती उपाय अनेक. माझ्या आजीने माझ्या उजव्या अंगठ्याला कारल्याचा रस लावला. मी डावा चोखू लागले! पण निपाणी हे तंबाखूचे गाव आणि विड्या वळणारी घरे येथे पुष्कळ, म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. अंगठ्याला तंबाखू किंवा मिश्री कदापि लावू नये, आणि विड्यांच्या सुपाशी खेळणाऱ्या मुलाचे हात वेळोवेळी धुवावेत. निकोटीन हे विष आहे व तोंडातील नाजूक त्वचेतून ते रक्तात उतरते.

त्या मुलीच्या आईशी मी बोलले. घरातले रागावणे आणि वर्गातले हसणे प्रथम थांबवले, कारण भेदरलेले मूल अंगठ्याकडेच धावते. मग तिच्याच संमतीने रात्री हाताला जुन्या सुती साडीची मऊ पट्टी बांधू लागले. सकाळी पट्टी जागच्या जागी असली, की ती स्वतः दिनदर्शिकेवर आईची एक टिकली चिकटवी. डिसेंबरच्या पानावर चार टिकल्या होत्या. फेब्रुवारीच्या पानावर तारखा दिसेनाशा झाल्या. वरचे कायमचे दात अजून यायचे आहेत.